प्रीएक्लाम्प्सिया : लघवीतील जैवसूचकांची तपासणी

गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब वाढून मूत्रपिंड, यकृत, मेंदू यांना इजा करणारा विकार म्हणजे प्रीएक्लाम्प्सिया. तो लघवीतील काही पदार्थांवरून ओळखण्याच्या, किंवा त्याची चाहूल आधी घेण्याच्या, पद्धतींचा विचार या नोंदीत केला आहे. जगभरात सुमारे २ ते ८ टक्के गर्भारपणांत हा विकार होतो. झटके आले की त्यालाच एक्लाम्प्सिया म्हणतात. दोषाचे मूळ वारेत असल्याने प्रसूती हाच खरा इलाज; तपासणीने साधायची ती वेळ.

लंडनच्या गायज रुग्णालयात रिचर्ड ब्राइट हे मूत्रपिंडाच्या रोग्यांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत. ती गढूळ झाली की तिच्यात अल्ब्युमिन आहे असे समजत. त्याच रुग्णालयातील जॉन लीव्हर यांनी १८४३ मध्ये झटके आलेल्या बाळंतिणींच्या लघवीत अल्ब्युमिन सापडल्याचे नोंदवले, आणि प्रसूतीशास्त्राला पहिला मूत्रसूचक मिळाला. आपल्याकडच्या परिचारिकांना शिकवली जाणारी परीक्षानळी आणि स्पिरिटच्या दिव्याची रीत याच चमच्याची वारस. नळीतील लघवीचा वरचा भाग तापवायचा, गढूळपणा आला तर ॲसेटिक आम्लाचे थेंब टाकायचे. फॉस्फेट असेल तर ते विरघळते, प्रथिन मात्र तसेच राहते.

आता बहुतेक ठिकाणी पट्टी वापरतात. तिच्यावरील रंगद्रव्य अल्ब्युमिनच्या संपर्कात पिवळ्याचे हिरवे होते आणि डबीवरच्या रंगांशी जुळवून १+, २+ असे वाचले जाते. पट्टी फक्त तीव्रता सांगते, दिवसभरात एकूण किती प्रथिन गेले ते सांगत नाही. बाई उन्हातून आली आणि पाणी कमी प्यायली असेल तर लघवी दाट होऊन पट्टी उगाच घाबरवते. भरपूर पाणी प्यायली असेल तर खरा दोषही लपतो. अंगावरून पांढरे जाणे, रक्त मिसळणे आणि मूत्रमार्गाचा संसर्ग हेही वाचन बिघडवतात. या कटकटीवरचा जुना उपाय म्हणजे चोवीस तासांची लघवी साठवणे. ३०० मिलीग्रॅम किंवा जास्त प्रथिन हे दोषाचे लक्षण. घरात कॅन ठेवून एकही वेळ न चुकवता लघवी जमवणे किती जणींना जमते, हे विचारायलाच नको. म्हणून एकाच नमुन्यातील प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर काढतात. लघवी पातळ असो वा दाट, दोन्ही पदार्थ सारखेच विरळ किंवा दाट होतात, त्यामुळे गुणोत्तर टिकते. ०.३ ही प्रचलित सीमा.

तरी प्रथिन हा उशिराचा साक्षीदार. मूत्रपिंडातील गाळणी बिघडल्यावरच ते लघवीत उतरते. शिवाय काही जणींत ते मुळीच येत नाही आणि यकृत किंवा बिंबाणू आधी बिघडतात. अमेरिकेतील प्रसूतीतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये निदानासाठी प्रथिन अनिवार्य असल्याची अट काढून टाकली, ती याच कारणाने.

म्हणून शोध वारेपर्यंत गेला. वारेतून पीएलजीएफ हे रक्तवाहिन्यांची वाढ घडवणारे प्रथिन रक्तात येते. दोष असलेल्या वारेतून एसएफएलटी-१ हे त्याला अडकवून ठेवणारे प्रथिन जादा बाहेर पडते. दुसरे आकाराने मोठे असल्याने गाळणीतून सहसा उतरत नाही, पहिले लहान असल्याने उतरते. २००५ मध्ये रिचर्ड लेव्हिन, अनंत करुमांची आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की पुढे प्रीएक्लाम्प्सिया झालेल्या स्त्रियांच्या लघवीतील पीएलजीएफ २५ ते २८ आठवड्यांपासूनच कमी होते. हे यश मोठे, पण अडचण वेळेची आहे. प्रतिबंधासाठी दिली जाणारी ॲस्पिरिन सोळाव्या आठवड्याआधी सुरू करावी लागते. २०१७ च्या ॲस्प्रे चाचणीत ११ ते १४ आठवड्यांत सुरू केलेल्या १५० मिलीग्रॅम ॲस्पिरिनने ३७ आठवड्यांआधी होणारा विकार ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. त्या बायका निवडल्या होत्या रक्तदाब, गर्भाशयाच्या धमनीची डॉपलर तपासणी आणि रक्तातील सूचकांवरून. लघवीचा तिथे सहभाग नव्हता.

वेगळ्या वाटेने आलेली चाचणी म्हणजे काँगो रेड. १८८० च्या दशकात जर्मनीत तयार झालेला हा लाल रंग मुळात सुती कापड रंगवण्यासाठी होता. पुढे चुकीच्या घडीची प्रथिने ओळखण्यासाठी तो प्रयोगशाळेत आला. इरिना बुहिम्शी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले, की प्रीएक्लाम्प्सियात अशी प्रथिने लघवीत असतात आणि रंग त्यांना चिकटतो. रंग मिसळलेला थेंब पटलावर टाकून धुतला की निरोगी बाईचा डाग निघून जातो, आजारी बाईचा राहतो. सुई नको, यंत्र नको.

ओहायोतील ३४६ गर्भवतींवर झालेल्या पुढील अभ्यासात याच रंगाच्या कागदावरील चाचणीने आजारी स्त्रियांपैकी सुमारे ८० टक्के आणि निरोगींपैकी सुमारे ८९ टक्के बरोबर ओळखल्या. पण त्या गटात दर चौघींमागे एक आजारी होती. आरोग्य केंद्रात येणाऱ्या शंभर जणींत पाच आजारी धरल्या तर हीच चाचणी चौघींना पकडेल, आणि आणखी दहाएक निरोगी बायकांना आजारी ठरवेल.