परिशिष्टातील गावांच्या क्रमाविषयी
* परिशिष्टात नाचणगाव शोधताना आधी वर्धा जिल्हा, मग देवळी तालुका आणि त्याखाली ‘न’ अशा वाटेने उतरावे. सगळ्या जिल्ह्याची गावे सरसकट अकारविल्हे लावली असती, तर नाचणगावाजवळ वर्धा तालुक्यातली नालवाडी येऊन बसली असती आणि खरे शेजारी पुलगाव दूर गेले असते. म्हणून क्रम भावंडांपुरताच लावला आहे : आठ तालुके आपसांत (आर्वी, आष्टी, कारंजा, देवळी, वर्धा, समुद्रपूर, सेलू, हिंगणघाट), गावे आपापल्या तालुक्याच्या आत. संगणकातल्या तक्त्यात गावाच्या नोंदीपाशी फक्त पालकाचा, म्हणजे तालुक्याचा, क्रमांक असतो. तेवढ्यावर हा क्रम लागत नाही. त्यासाठी प्रत्येक नोंदीला ‘वर्धा–देवळी–नाचणगाव’ अशी मुळापासूनची वाट जोडली आणि एकेक टप्पा तपासत यादी लावली. गावाखालचे गट क्रमांक मजकूर म्हणून लावले की १० हा ९च्या आधी येतो. तिथे आकड्यांना आकडेच मानले आहे. ‘ळ’ची गोष्ट वेगळी. युनिकोडमध्ये तो ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे, आपल्या वर्णमालेत ‘ह’नंतर. आम्ही वर्णमालेची रीत पाळली, कारण मराठी वाचकाचे बोट तिथेच जाते. २०११च्या जनगणनेतले जिल्हे मात्र नावाने लावलेले नाहीत : अमरावती ५०३, वर्धा ५०४, नागपूर ५०५, असे संकेतांक नकाशावरून चालत येतात.