थरचा ओसाडपणा किती जुना?

जैसलमेरच्या पश्चिमेला समच्या वाळूच्या टेकड्या पाहायला जाणाऱ्याला हवे असते माणसाचे पाऊल न उमटलेले वाळवंट. वाटेजवळचे कुलधरा हे उजाड गाव त्या अपेक्षेला बळ देते. दिवाण सालिमसिंहाची नजर गावातल्या मुलीवर पडली, तेव्हा पालीवाल ब्राह्मणांनी एका रात्रीत चौऱ्याऐंशी गावे सोडली आणि जाताना शाप दिला, असे तिथे सांगतात. वाळवंट मुळातच वस्तीला नालायक आहे असे मानले की ही कथा सहज पटते. पण मला वाटते, इथला बराचसा ओसाडपणा गेल्या दोनशे वर्षांतला आहे. जिथे वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही, तिथे पालीवाल गहू पिकवत. खडकाळ उतारावरून येणारे पाणी ते सखल जमिनीत मातीच्या लांब बांधाने अडवत. पाणी मुरले की उरलेल्या ओलीवर थंडीत गहू आणि हरभरा पेरत. या शेताला खडीन म्हणतात. मंगळवेढ्याची रब्बी ज्वारी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ओलीवरचे पीक समजावून सांगायला नको. इथे ती ओल माणसाने अडवून साठवलेली असते, एवढाच फरक.

मग ही गावे उठली का? सालिमसिंहाचा जुलूम खोटा नाही. कर्नल टॉड या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या १८२९ ते १८३२ दरम्यान छापलेल्या राजस्थानवरील ग्रंथात त्याच्या लुबाडणुकीची आणि पालीवालांच्या देशत्यागाची नोंद आहे. पण एक जुलमी दिवाण गेल्यावर लोक परत येऊ शकतात. ते आले नाहीत, कारण पोट भरण्याचा दुसरा आधारही तुटत होता. पालीवाल शेतीबरोबर व्यापारही करत, आणि सिंधकडे जाणाऱ्या उंटांच्या तांड्यांचा माल मुंबई बंदर वाढले तसा समुद्रमार्गे जाऊ लागला. १९४७च्या फाळणीने उरलीसुरली वाटही बंद केली. कुणी म्हणेल, वाळूच्या टेकड्यांवर कुठे कोण राहत होते? खरे आहे, तिथे शेती नव्हती. पण इथल्या सुमारे ३१६२ चौरस किलोमीटरच्या मरू राष्ट्रीय उद्यानातही टेकड्यांनी व्यापलेला भाग जेमतेम पाचवा हिस्सा आहे. बाकी खडक, खारट सखल जमीन आणि गवताळ माळ. उरलेसुरले माळढोक पक्षी राहतात ते या माळांवर. समची वाळू पाहून परतणाऱ्याच्या नजरेतून नेमका हाच मोठा भाग निसटतो. जैसलमेरच्या आसपास काही खडीन आजही कसले जातात. पावसाळ्यानंतर पाणी ओसरले की त्यांत पेरणी होते.