पानात दडलेला पतंग

एखाद्या जीवाला नाव मिळाले, म्हणजे त्याची सारी ओळख पटली असे आपण समजतो. एका चिमुकल्या पतंगाची हकिगत मात्र वेगळे सांगते.

1984 साली मॅसिडोनियात, ओह्रिड सरोवराजवळ, हॉर्स चेस्टनटच्या पानांवर तपकिरी डाग आढळले. पाने पोखरणारी अळी पानाच्या वरच्या त्वचेखाली राहून आतला हिरवा भाग खात होती. तिच्यापासून होणारा पतंग जेमतेम 5 मिलिमीटर लांबीचा. पुढचे पंख चकचकीत नारिंगी-तपकिरी, त्यांवर काळ्या कडेचे पांढरे पट्टे; मागच्या पंखांना केसांची झालर.

1986 मध्ये डेश्का आणि दिमिच यांनी ही नवी जाती असल्याचे सांगून तिला 'कॅमेरारिया ओह्रिडेला' असे नाव दिले. ग्रासिलॅरिइडी कुलातील ही जाती. नावाचा दुसरा भाग सरोवरावरून. लहान पतंगांच्या नावांना 'एला' हा शेवट जोडण्याची प्रथा लिनीयसपासूनची.

पण वर्गीकरणानेच एक कोडे उभे केले. या प्रजातीतील इतर जाती उत्तर अमेरिकेत व आशियात होत्या. युरोपात एकही नव्हती. मग ही आली कोठून? 1989 मध्ये ती ऑस्ट्रियात दिसली, 2002 मध्ये लंडनला पोहोचली. एवढ्या झपाट्याने पसरणारा कीटक परदेशी पाहुणाच असणार, असे अनेकांना वाटले.

उत्तर मिळाले ते जुन्या हर्बेरियममध्ये. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी वनस्पतितज्ज्ञांनी दाबून ठेवलेली पाने तपासली. ग्रीसमध्ये 1879 साली गोळा केलेल्या पानांत याच अळ्या चिरडलेल्या सापडल्या! डीएनएनेही ओळखीला दुजोरा दिला. म्हणजे नाव मिळण्याआधी शंभराहून अधिक वर्षे हा पतंग बाल्कन प्रदेशात होता. हॉर्स चेस्टनटही मूळचा तिथलाच. पतंग नुकताच बाहेरून आला, हा तर्क टिकला नाही.

पाने जपणाऱ्यांना झाड हवे होते, अळी नव्हे. तरीही पुरावा टिकला, कारण कागदावर ठिकाण आणि तारीख लिहिलेली होती.

आपल्याकडे लिंबाच्या पानांवर दिसणाऱ्या चंदेरी, नागमोडी रेषा याच कुलातील नागअळीच्या. विद्यार्थ्यांसह असे एखादे पान दाबून ठेवा. मात्र त्याखाली ठिकाण आणि तारीख लिहायला विसरू नका.