बसऱ्याहून आलेला माणूस

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो. सकाळी सगळे फराळाला बसलो होतो. धाकट्या पुतण्याने अर्धा लाडू खाऊन ताटात तसाच टाकला, तशी आत्या एकदम म्हणाली, "आप्पा असते ना, तर ताटावरून उठून गेले असते."

आप्पा म्हणजे माझे पणजोबा. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून "बसऱ्याला" गेले होते, एवढंच आम्हा पोरांना ठाऊक. पण त्या दिवशी आत्याने आणखी एक गोष्ट सांगितली. १९१९ मध्ये ते परत आले तेव्हा त्यांना लगेच पंगतीत घेतलं नाही म्हणे. आधी पंढरपूरला नेलं, चंद्रभागेत आंघोळ घातली, मग घरात पान वाढलं. का, ते कुणी बोललं नाही आणि त्यांना कुणी काही विचारलंही नाही.

मला मात्र ते "का" तेव्हापासून छळतंय. उत्तर शोधायला पुस्तकं उघडली आणि थेट कुतच्या वेढ्यात जाऊन पोचलो.

थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर १९१४ मध्ये सहावी डिव्हिजन, जिला पुणे डिव्हिजनच म्हणत, इराणच्या आखातात उतरली आणि तिने बसरा घेतलं. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी या डिव्हिजनबरोबर होत्या. वर्षभरात फौज बगदादच्या जवळ जाऊन ठेपली. तिथे टेसिफनला जबर मार बसला आणि माघार घेत सगळे तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत-अल-अमारा या गावात शिरले. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी वेढा घातला. तो १४७ दिवस चालला. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजेची सुमारे २३ हजार माणसं मेली वा जखमी झाली, पण वेढा फुटला नाही. २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार माणसं कैदेत गेली.

आता मुद्द्याची गोष्ट. धान्य संपत आलं तेव्हा घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोरे सोल्जर ते मांस खाऊ लागले. आपल्या बहुतेक शिपायांनी नकार दिला. भाजी नाही, मांस नाही. रक्तपितीने हिरड्या सुजल्या, माणसं उभ्या उभ्या कोसळायला लागली, तरी नाही. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून "आपद्धर्म म्हणून चालेल" असे निरोप मागवले गेले. तरी बरेच जण अडून राहिले. शेवटी एप्रिलमध्ये, वरून सक्त हुकूम झाल्यावर, पुष्कळांनी तोंडाला लावलं.

इतिहास लिहिणारे काही साहेब याला अडाणी हट्ट म्हणून मोकळे झाले. मलाही आधी तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्या शिपायांचं म्हणणं काय होतं? देवाची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती गावाची होती. उद्या परत गेल्यावर भाऊबंद वाळीत टाकतील, आमच्या पोरींना कोण करून घेईल, ही ती भीती. म्हणजे बंदुकीची गोळी समोर, भूक पोटात आणि मनात मात्र हजारो मैलांवरचं घर.

फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रं वाचतानाही हेच जाणवतं. त्यांची पत्रं सेन्सॉर होत. साहेब लोक त्यांचे उतारे इंग्रजीत करून अहवाल पाठवत, म्हणून तर ती आज वाचायला मिळतात. पत्र एकाने सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं, तिसऱ्याने तपासायचं आणि गावात चौथ्याने मोठ्याने वाचून दाखवायचं. अशा पत्रात माणूस मन किती मोकळं करणार? तरीही वाट काढलीच लोकांनी. कुणी लिहितो, काळी मिरी संपत आली, आता लाल वापरायला काढली आहे. म्हणजे आपली माणसं संपली, आता गोरे पुढे येताहेत. कुणी म्हणतो, हे युद्ध नाही, महाभारतासारखा संहार आहे. कुणी धाकट्या भावाला आडून सुचवतो की तू भरती होऊ नकोस. एक तक्रार तर वारंवार येते: जखम बरी झाली की पुन्हा खंदकात पाठवतात, मग सुटका मरूनच का?

पण त्याच पत्रांत बादशहाचं मीठ खाल्लंय, त्याला जागलं पाहिजे, असंही असतं. ते सगळं सेन्सॉरला दाखवण्यापुरतं होतं असं मला वाटत नाही. महिना अकरा रुपये पगार होता, त्यावर घरचं कर्ज फिटत होतं. आणि पलटणीतून पळून आलेला माणूस गावात कोणत्या तोंडाने फिरणार? निष्ठा, पोट, भीती आणि लाज हे सगळं एकाच माणसात एकाच वेळी होतं. आपण मात्र शंभर वर्षांनी त्याला एकतर शूर वीर करतो, नाहीतर इंग्रजांचा भाडोत्री.

कुतमध्ये कल्याणकुमार मुखर्जी नावाचा एक बंगाली डॉक्टर होता. त्याने आईला लिहिलेल्या पत्रात म्हटलं होतं की या रक्तपाताचं मूळ देशाभिमानातच आहे आणि तो धडा आपण इंग्रजांकडून शिकलो. १९१७ मध्ये तो कैदेतच वारला. पुढे १९२८ मध्ये त्याच्या म्हाताऱ्या आजीने त्याची पत्रं गोळा करून पुस्तक लिहिलं. त्याचं मन आज कळतं ते त्या आजीमुळे.

आमच्या आप्पांचं कुणी लिहून ठेवलं नाही. आमच्या भागात कितीतरी गावांत संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून महायुद्धावर इतके गेले, पैकी इतके मेले. त्या पाटीत परत आलेल्याला जागा नाही. आप्पा कैदेतून जिवंत परत आले, आणि ज्या घराच्या धाकाने कदाचित महिनोन् महिने उपाशी राहिले, त्याच घराने त्यांना आधी नदीवर नेलं. त्यांनी तिथे काय खाल्लं, काय नाही, हे आता कधीच कळणार नाही. घरच्यांनी विचारलं नाही ते मायेपोटी की उत्तराच्या भीतीने, हेही नाही.

आत्या म्हणते, पोरांपैकी कुणी "भूक लागली" म्हणून रडलं की आप्पा गप उठून शेताकडे चालू लागायचे.

घरच्या मंडळींनो, कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत आप्पांचं पेन्शनचं पुस्तक, बिल्ला, एखादा कागद असेल तर रद्दीत देऊ नका. आणि ज्यांच्या घरात अजून असं एखादं गप्प बसणारं म्हातारं माणूस आहे, त्यांनी जवळ जाऊन बसा. विचारा. आमच्याकडून ते राहून गेलं.