पेन्शनरांचे गाव : कॅम्प दापोली

समुद्रकाठच्या लहानशा गावी उरलेले आयुष्य काढावे, ही इच्छा समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसांत अधिक प्रबळ असते. आपल्या खकनारकडचे पाणी तापीतून बऱ्हाणपूर ओलांडून सुरतेजवळ सागरास मिळते. तेवढाच काय तो आपला आणि त्याचा संबंध. तरीही निवृत्तांच्या बैठकीत कोणी ना कोणी दापोलीचे, मुरुडचे नाव काढतोच. या ओढीला इतिहास आहे, आणि तो पर्यटनाच्या जाहिरातींहून पुष्कळ जुना आहे.

पेशवाई बुडाली त्याच वर्षी, १८१८ साली, दक्षिण कोकणच्या बंदोबस्तासाठी इंग्रजांनी दापोलीच्या माळावर लष्करी ठाणे वसविले. हर्णै बंदर जवळ, पण किनाऱ्याचा दमटपणा नाही. हवा थंड व निरोगी. १८४० मध्ये नियमित फौज उठविण्यात आली, तरी वयस्क शिपायांची पलटण १८५७ पर्यंत तेथे राहिली. म्हणजे दापोलीची गणना सेवेतून थकलेल्या माणसांच्या विसाव्याची जागा म्हणून सरकारनेच प्रथम केली! पलटण गेली, पण ‘कॅम्प’ हे नाव गावाला चिकटून राहिले आणि पेन्शनरही राहिले.

हे पेन्शनर केवळ गोरे नव्हते. रत्नागिरी जिल्ह्याने कंपनीच्या मुंबई फौजेला शिपाई पुरविले आणि त्यांत महार समाजाचा वाटा मोठा होता. अशांपैकी गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये निवृत्त होऊन दापोलीस स्थायिक झाले. निवृत्तीनंतर माणूस काय करतो, याचे मला माहीत असलेले हे सर्वांत तेजस्वी उदाहरण. समुद्राचा वारा खात बसण्याऐवजी त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका १८८८ मध्ये लिहिली, दापोलीत ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ स्थापिली आणि लष्करात महारांची भरती बंद झाली तेव्हा १८९४ साली तिच्याविरुद्ध विनंतीअर्ज तयार केला. ज्यांनी राज्यासाठी हत्यार धरले, त्याच दापोलीच्या पेन्शनरांना आपल्या मुलांना शाळेत प्रवेश मिळावा म्हणूनही अर्ज करावे लागले, हे विसरता येत नाही.

याच सुमारास आपल्या मध्य प्रदेशातील महू छावणीतून सुभेदार रामजी सकपाळ सेवानिवृत्त होऊन कुटुंबासह दापोलीस आले. त्यांचे मूळ गाव आंबडवे, शेजारच्याच मंडणगड तालुक्यात. स्वतःच्या मुलखाजवळ, ओळखीच्या पेन्शनरांत राहावे, हा विचार किती स्वाभाविक! १८९१ साली महूस जन्मलेले भीमराव तेव्हा जेमतेम अडीच-तीन वर्षांचे होते. परंतु मुक्काम लांबला नाही. रामजींनी नोकरी पत्करली आणि बिऱ्हाड साताऱ्यास हलविले. लहान गावाचा गोडवा कोणाच्या वाट्यास किती यावा, हे त्या काळी वाऱ्यावर नव्हे, जन्मावर ठरत असे.

दापोलीच्या मिशन शाळेत पुढे महामहोपाध्याय पां. वा. काणे शिकले, साने गुरुजीही शिकले. त्या शाळेविषयी स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

आता थोडे मुरुडविषयी. नारळी-पोफळींच्या वाड्या, त्यांतून जाणारी पाखाडी, देवीचे देऊळ आणि पलीकडे वाळूचा लांबच लांब पट्टा. असे हे गाव धोंडो केशव कर्वे यांचे. बालपणी सहावी इयत्तेच्या परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत घाट चढून पायी गेलेला आणि वय लहान दिसते म्हणून परत पाठविला गेलेला तो हाच मुलगा. समुद्रकाठच्या गावातून शिक्षणासाठी बाहेर पडणे किती कष्टाचे होते, ते यावरून कळते. मुंबईत स्थिरावल्यावर गाव मात्र त्यांनी मनातून सोडला नाही. परगावी मिळवत्या झालेल्या मुरुडकरांनी आपल्या मिळकतीचा थोडा भाग गावाच्या भल्यासाठी द्यावा, अशी ‘मुरुड फंड’ नावाची योजना त्यांनी काढली. बाहेर गेलेल्या मराठी कुटुंबांना, म्हणजे तुम्हा-आम्हांला, ही कल्पना परकी वाटू नये.

मग १८९३ साली कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी विवाह केला. ज्या गावासाठी फंड उभारला, त्याच गावाने बहिष्कार घातला आणि त्यांच्या वृद्ध आईलाही त्याची झळ लागली. लहान गावात सर्वांना सर्वांचे ठाऊक असते, म्हणून आजारपणात शेजारी धावून येतो आणि म्हणूनच वाळीत टाकणे तेथे इतके सोपे होते. पुण्या-मुंबईत अशा माणसाला निदान दुसरी आळी तरी सापडते. माझ्या मते दापोली-मुरुडचे वर्णन करताना ही बाजू वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पुढे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये दापोलीत स्थापन झाले आणि कॅम्पात पुन्हा बाहेरची माणसे आली. या वेळी प्राध्यापक व विद्यार्थी म्हणून. हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो तेव्हा समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा दिसतो, जो १७५५ मध्ये इंग्रज व पेशवे यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. आज ज्यांना तेथे घर घ्यावयाचे असते, ते पाण्याची सोय, रस्ता आणि दवाखाना यांची चौकशी करतात. कर्व्यांना भारतरत्न १९५८ मध्ये मिळाले. काण्यांना १९६३ मध्ये, आणि बाबासाहेबांना त्यांच्या मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी, १९९० मध्ये.