मनगट आणि घड्याळाचें माप



गेल्या वर्षीं माझ्या दिवंगत वडिलांचें एच. एम. टी. 'जनता' घड्याळ मीं दुरुस्त करवून हातावर बांधलें. तें पाहून नातू म्हणाला, "आजोबा, हें आजीचें कां?" त्या घड्याळाचा व्यास सुमारें 35 मिलिमीटर. वडिलांचें मनगट माझ्याहून भरदार. तरी त्यांना कोणी हसल्याचें मला स्मरत नाहीं. मग घड्याळ लहान झालें, कीं आमची दृष्टि बदलली?

नातवाच्या थट्टेंत नकळत थोडा इतिहास होता. मनगटी घड्याळ प्रथम स्त्रियांचाच अलंकार होता. नेपोलियनची बहीण कॅरोलिन, नेपल्सची राणी, हिनें 1810 सालीं पॅरिसच्या ब्रेगे या कारागिराकडे तसें घड्याळ सांगितलें. तें 1812 मध्यें तयार झालें. पुरुषांचें घड्याळ खिशांत, साखळीला. ही रीत मोडली ती मुख्यतः 1914 ते 1918 च्या महायुद्धानें. तोफांचा मारा आणि पायदळाची चाल यांची वेळ मिनिटाला मिनिट जुळावी लागे. हातांत बंदूक असतांना खिसा कोण चाचपणार? मनगटावरील घड्याळ तेव्हांपासून शिपायाचें झालें.

यापुढें माप ठरूं लागलें तें कामावरून. दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन विमानांच्या मार्गदर्शकांचें घड्याळ 55 मिलिमीटरचें होतें. तें जाड कोटाच्या बाहीवरून बांधीत, आणि त्याची चावी हातमोजे न काढतां फिरवितां यावी अशी मोठी असे. उलट, पाटेक फिलिप कंपनीनें 1932 मध्यें काढलेलें पुरुषांचें 'कालात्राव्हा' घड्याळ अवघें 31 मिलिमीटरच्या आसपास होतें. तें घालणाऱ्याच्या पौरुषाविषयीं कोणी शंका घेतली नाहीं. आपल्याकडे बंगळुरास 1961 सालीं जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें एच. एम. टी. ची घड्याळें होऊं लागलीं, तीं याच बेताच्या मापाच्या परंपरेंतलीं.

नंतर वारें फिरलें. ओडेमार पिगे कंपनीचें 'रॉयल ओक' 1972 सालीं 39 मिलिमीटरचें निघालें, तेव्हां त्याला 'जंबो' हें टोपणनांव पडलें. याच नांवाचा 1993 मधील अवतार 42 मिलिमीटरचा झाला. काम तेंच राहिलें. माप मात्र हौसेनें वाढलें.

मग आपण निवड कशी करावी? केवळ व्यासाच्या आंकड्यावर जाऊं नये. मनगटाच्या वरच्या सपाट भागाची रुंदी मोजावी. पट्टा जेथें अडकतो, त्या दोन टोकांमधील अंतर त्या रुंदीच्या आंत बसलें पाहिजे. चावी हाताच्या पाठीला रुतूं नये. सदऱ्याची बाही अडखळूं नये. घड्याळ डोळ्यांजवळ धरून न पाहतां आरशांत पाहावें. जवळून प्रत्येक वस्तु मोठीच भासते. शेवटीं, हात सहज लांब धरून वेळ वाचतां येते कीं नाहीं, हें पाहावें. माझ्या वयाच्या मनुष्यास ही कसोटी सर्वांत महत्त्वाची.

मीं हें सर्व केलें. माझें मनगट 50 मिलिमीटर रुंद भरलें. वडिलांचें घड्याळ दोन्ही बाजूंस जागा ठेवून बसलें. आंकडे चष्म्यावांचून दिसले. पट्टा मात्र त्यांच्या छिद्राहून दोन छिद्रें आंत ओढावा लागतो. तेवढें माझें मनगट कमी आहे; त्याला घड्याळाचा इलाज नाहीं.