वऱ्हाडचा गोफ

'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आमच्या प्रांतांत लहान मुलासही पाठ असते. काळी जमीन, पांढरा कापूस आणि त्याच्या मोबदल्यांत आलेलें पिवळें सोनें, एवढें चित्र डोळ्यांपुढें उभें राहिलें कीं बहुतेकांचें समाधान होतें. हें सोनें कोणाच्या गळ्यांत पडलें, कशाच्या रूपानें राहिलें आणि पुढें कोठें गेलें, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आम्हांसही तो सुचला नसता, पण दिवाळीनंतर आमचा एक भाचा अकोल्याहून अमरावतीस आला आणि म्हणाला, "मामा, लग्नांत गळ्यांत घालायला साखळी घ्यायची आहे. तुम्ही सोबत चला. जुन्या गोष्टींतलें तुम्हांला कळतें." जुन्या गोष्टींतलें कळणाऱ्यास नव्या साखळीची पारख असते असें मुळींच नाहीं. तरी आम्ही गेलों. अमरावतीचा सराफा पाहिला, पुढें अकोल्याचाही पाहिला, आणि दुकानांतील आरशांपुढें बसल्या-बसल्या पुरुषांच्या या एका दागिन्याचा इतिहास मनांत जुळूं लागला. तोच येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

पुरुषानें गळ्यांत सोनें-मोतीं घालावीं हें आजचें खूळ नव्हे. मराठेशाहीच्या दरबारांत मोत्यांची कंठी, शिरपेंच, कानांतला चौकडा हीं मानाचीं लेणीं होतीं, आणि त्यांचें मोल जितकें मोत्यांत तितकेंच तीं देणाऱ्याच्या हातांत असे. धन्यानें कंठी दिली म्हणजे चाकरीची दाद लागली, असें समजत. वऱ्हाडावर तेव्हां निजाम आणि नागपूरकर भोसले अशा दोघांचा अंमल होता, व देशमुख-देशपांडे मंडळी दोन्ही दरबारांकडे डोळे लावून असत. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अकोल्याकडील अडगांवच्या रानांत भोसल्यांचा पराभव झाला; १५ डिसेंबरला गाविलगड पडला; आणि लगेच झालेल्या देवगांवच्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला. पुढें १८५३ सालीं निजामानें तो इंग्रजांच्या स्वाधीन केला. अशा रीतीनें पन्नास वर्षांत मान देणारा हात दोनदां बदलला. नव्या धन्यापाशीं कंठी नव्हती; त्याच्यापाशीं कचेरी होती, सारा होता, आणि थोड्याच वर्षांत आगगाडी येणार होती.

गोफ खरोखर वऱ्हाडी शेतकऱ्याच्या गळ्यांत आला तो कापसामुळें. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें. तिकडचा कापूस अडकून पडला व लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसावर येऊन पडल्या. त्या चार वर्षांत कापसाचे भाव असे चढले कीं, कित्येक कुणब्यांनीं जन्मांत पाहिले नव्हते एवढे रुपये एका हंगामांत पाहिले. कोणी नांगराचा फाळ चांदीचा केला, कोणी गाडीच्या चाकांस चांदीच्या धावा चढविल्या, अशा कथा तेव्हांपासून सांगण्यांत येतात. त्या अक्षरशः खऱ्या मानण्याचें कारण नाहीं. पण पैसा ठेवावा कोठें हेंच न कळण्याइतका तो एकाएकीं आला, एवढें त्यांवरून खास दिसतें. युद्ध संपतांच भाव कोसळले. तथापि १८६७ सालीं नागपूरपर्यंत लोहमार्ग पुरा झाला, १८७० त खामगांवची व १८७१ त अमरावतीची शाखा सुरू झाली, आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बाजाराशीं कायमचा बांधला गेला.

खेड्यांत पेढी नव्हती. होता तो सावकार, आणि त्याच्यापाशीं शेतकरी पैसा ठेवावयास जात नसे, काढावयास जात असे. तेव्हां शिल्लक ठेवावयाची ती अंगावर. बायकोच्या अंगावर सरी, गोट, पाटल्या. पुरुषाच्या कमरेस चांदीचा करदोडा, मनगटांत सलकडें, आणि ज्याला साधेल त्याच्या गळ्यांत सोन्याच्या तारांचा पिळलेला गोफ. मिरविण्याची हौस त्यांत होतीच. पण हौसेबरोबर हिशेबही होता. पीक बुडालें कीं गोफ सोनाराकडे जाई आणि पीक साधलें कीं परत घडे. बाप मुलाच्या गळ्यांत गोफ घाली तेव्हां एक वाईट वर्ष निभावून नेण्याची सोय तो त्याच्या हवालीं करीत असे.

या सोयीस पहिला धक्का चांदीच्या बाजूनें बसला. १८३५ पासून रुपयाचें वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा होतें, व त्यांत बारांत अकरा भाग शुद्ध चांदी असे. शेतकऱ्याच्या लेखीं चांदीचा करदोडा म्हणजे कमरेस बांधलेले रुपयेच होते; कारण टांकसाळींत चांदी दिली असतां थोडी कसर वजा जातां तिचे रुपये पाडून मिळत. २६ जून १८९३ रोजीं सरकारनें खाजगी चांदीस टांकसाळीचें दार बंद केलें. रुपयाचा विलायती दर टिकविण्यासाठीं हें करावें लागलें, असें सरकारचें म्हणणें होतें. परिणाम मात्र असा झाला कीं, छाप असलेली चांदी सोळा आणे राहिली आणि बिनछापाची चांदी उतरत गेली. सहा-सात वर्षांतच १८९९-१९०० चा दुष्काळ आला व लोक करदोडे घेऊन सराफाच्या पायरीवर उभे राहिले. तेव्हां रुपयांत असलेली चांदी बाजारभावानें दहा-अकरा आण्यांचीच भरत होती. सात वर्षांपूर्वीं कायद्याची एक ओळ बदलली होती, ती करदोडेवाल्यास त्या पायरीवर प्रथम वाचावयास मिळाली.

दुसरी लाट सोन्याची. १९२९ नंतर जगभर मंदी आली, कापूस मातीमोल झाला. सारा आणि व्याज मात्र जसेंच्या तसें राहिलें. २१ सप्टेंबर १९३१ रोजीं इंग्लंडनें सुवर्णपरिमाण सोडलें. एकवीस-बावीस रुपये तोळ्याचें सोनें कांहीं महिन्यांत तिशीच्या आसपास गेलें आणि खेडोपाडींचे गोफ, पुतळ्या, पाटल्या मुंबई बंदरांतून जहाजांत चढूं लागल्या. भाव चांगला आला म्हणून लोक विकतात, असें सरकारी अर्थशास्त्री म्हणत. लोक बुडत आहेत म्हणून विकतात, असें आपले अर्थशास्त्री म्हणत. १९३३ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडासाठीं कर्जतडजोडीचा कायदा करावा लागला, यावरून दोहोंपैकीं कोणाचें म्हणणें वस्तुस्थितीस धरून होतें हें वाचकांनींच ठरवावें.

आमच्या घरचा गोफ या लाटेंतून वांचला. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजींत पणजोबांनीं तो पांच तोळ्यांचा करविला होता. आजोबांनीं तो मोडला तो पुढें, आमच्या वडिलांच्या कॉलेजच्या फीसाठीं. वडील ही हकीगत हंसत सांगत. पण एका ठिकाणीं त्यांचा आवाज बदलत असे. पांच तोळ्यांचा म्हणून तीन पिढ्या ज्याचा अभिमान बाळगला, तो गोफ गाळल्यावर शुद्ध सोनें साडेचार तोळेही भरेना. तारांच्या पिळांत डाख होता, फांसा हलक्या सोन्याचा होता आणि मुळांतच कस उतरता होता. ज्या सोनारानें तो घडविला त्याचें नांव सांगण्यांत आतां अर्थ नाहीं. आजोबा घरीं येऊन एवढेंच म्हणाले, "घेतेवेळीं चमक पाहिली, जोख पाहिला नाहीं." वडिलांचें एक वर्ष त्या गोफावर पार पडलें, दुसऱ्या वर्षासाठीं कर्ज काढावें लागलें.

त्यानंतरचा इतिहास बहुतेकांच्या आठवणींतला आहे. १९६३ च्या जानेवारींत सुवर्णनियंत्रण आलें व नवा दागिना चौदा कॅरटांहून अधिक कसाचा घडविण्यास बंदी झाली. सोनारांच्या हजारों भट्ट्या विझल्या. तें बंधन पुढें सैल झालें, १९६८ त स्वतंत्र कायदा झाला आणि १९९० सालीं तोही रद्द झाला. १६ जून २०२१ पासून अनेक जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर अंकाक्षरांचा सहा स्थानांचा क्रमांक असावा लागतो. आमच्या आजोबांस जें गाळल्यावर कळलें तें भाच्यास घेण्यापूर्वीं कळूं शकतें, ही प्रगति खरी आहे.

तरीहि पारख करावयाची ती करावीच लागते. दुकानांत 'एक तोळा' म्हणतात तेव्हां आतां तो १० ग्रॅमचा असतो; पणजोबांचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. जुन्या तोळ्याचा सातवा हिस्सा केवळ शब्द तोच राहिल्यानें नाहींसा झाला आहे. बावीस कॅरटांत हजारांतले ९१६ भाग शुद्ध सोनें, अठरांत ७५०. चोवीस कॅरटांची साखळी मऊ असल्यानें रोजच्या वापरांत टिकत नाहीं. पोकळ कड्यांची साखळी थोड्या वजनांत रुंद दिसते. पण एकदां चेपली म्हणजे नीट होत नाहीं. पट्टीसारखी सपाट साखळी मुडपली कीं तिच्यावर वळ राहतो. भरीव कड्यांची, प्रत्येक सांधा डाखानें पुरता मिटलेली आणि बोटांवरून सोडली असतां न अडकतां उतरणारी, ती चांगली. फांसा दोनदां उघडून पहावा, कारण साखळी तुटते ती बहुधा फांशापाशीं. मजुरी किती तें वेगळें लिहून घ्यावें, कारण मोडीच्या दिवशीं ती परत मिळत नाहीं. थोडक्यांत, साखळी घेतांना ती मोडण्याचा दिवस डोळ्यांपुढें असावा.

हें सारें आम्हीं भाच्यास सांगितलें व त्यानें तें लक्षपूर्वक ऐकलें. दोन तोळ्यांची एक साखळी त्याच्या मनास आली. ती जोखली जात असतां आम्हीं सहज विचारलें, "पैसे तूं देणार कीं तुझे वडील?" तो जरा थांबून म्हणाला, "तिकडूनच येणार आहेत. जावयाला गोफ घालायची रीतच आहे ना?" त्याचे होणारे सासरे दर्यापूरकडचे. खारपाण पट्ट्यांतली कोरडवाहू शेती, तींत कापूस आणि तूर.

तेव्हां आम्हांस वाटलें कीं, इतका वेळ आम्ही साखळीचा कस सांगत होतों आणि मुख्य गोष्ट राहिलीच होती. पूर्वीं कंठी धनी देई. मग गोफ शेतकऱ्यानें स्वतःच्या कापसांतून घडविला. आतां तो मुलीच्या बापाकडून येतो. रीत जुनी म्हणून सांगतात. पण ज्या गोफाची थोरवी घरोघर सांगितली जाते तो मागून आणलेला नव्हता. हुंडा देणें आणि घेणें हे दोन्ही १९६१ च्या कायद्यानें गुन्हे आहेत; म्हणून मागणीस 'रीत' हें नांव मिळालें. गाडगेबाबांनीं याच मुलखांत, गांवोगांव कीर्तनांत, लग्नासाठीं कर्ज काढूं नका म्हणून लोकांस कळवळून सांगितलें. १९५६ सालीं ते गेले. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत याच जिल्ह्यांतल्या कित्येक शेतकऱ्यांनीं कर्जापायीं जीव दिला, हें वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणत्याही घरास ठाऊक आहे. त्या कर्जांत किती तोळे जांवयांच्या गळ्यांतले होते, तें कोणत्याही कांट्यावर जोखून निघत नाहीं.

आम्ही यांतलें फारसें कांहीं त्या दुकानांत बोललों नाहीं. दर्यापूरकडे यंदा कापसाला काय भाव मिळाला, एवढेंच विचारलें. भाच्यास तो माहीत होता, त्यानें सांगितला. मग त्यानें ती साखळी कांट्यावरून उचलून दुकानदारास परत दिली आणि आम्ही उठलों.

महिन्याभरानें त्याचा फोन आला. आपल्या पगारांतून त्यानें आठ ग्रॅमची भरीव साखळी घेतली होती, आणि गोफ नको असा निरोप दर्यापूरला स्वतः जाऊन सांगून आला होता. सासऱ्यांस आरंभीं तो अपमान वाटला; त्यांची समजूत घालण्यांत त्याचा सबंध दिवस गेला. "लोकांना बारीक दिसेल, मामा," तो म्हणाला. आम्हीं विचारलें, फांसा नीट पाहिलास ना? दोनदां उघडून पाहिला, असें त्यानें सांगितलें.